मागच्या सीटवरचं वजन

फार वर्षांपूर्वी एका धाकट्या भावानं भेटेल त्याला एकच प्रश्न विचारला. मागं कुणीही बसलेलं नसताना मोटारसायकल मागच्या बाजूला का दबते? त्यानं लोहाराला विचारलं. लोहार हसला. त्यानं पुजाऱ्याला विचारलं. पुजाऱ्यानं दार लावून घेतलं. उत्तर कुणीच दिलं नाही, आणि खरं तर ते त्याला आधीच ठाऊक होतं.

तुम्ही म्हणाल, फार वर्षांपूर्वी मोटारसायकल कुठून आली? ते मला ठाऊक नाही. ढगांच्या वर डोंगराचं एक राज्य होतं. तिथल्या चढावर घोडे ऊर फुटून मरत, बैल चढायला तयार होत नसत. म्हणून लोक मोटारसायकली बाळगत. एवढंच मी ऐकलंय.

त्या राज्याच्या अगदी टोकाला एक गाव होतं. गावातून बाहेर पडायला एकच वाट, धुक्याचा घाट. घाटाच्या पलीकडे वैद्याचं गाव. घाटात बारा महिने धुकं असे. इतकं दाट, की चालवणाऱ्याला स्वतःचा हात दिसे पण हँडल दिसत नसे. एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला दरी. पूर्वी एकदा गाडी नुसती हळू झाली होती. मागच्या बाईला वाटलं, थांबली. तिनं पाय खाली टाकला, तो दरीतच. तेव्हापासून तिथे एक रीत पडली. चालवणारा "उतर" म्हणेपर्यंत मागच्यानं पाय टेकायचा नाही. मग गाडी थांबलेली असो, गाव आलेलं असो, नाहीतर घराचं दार समोर असो. ज्यानं बसवलं त्यानंच उतरवायचं.

त्या गावात दोन भाऊ राहत. थोरला गावातल्या आजाऱ्यांना घाट ओलांडून वैद्याकडे नेई. लांबच्या वाटेसाठी बांधलेली त्याची मोटारसायकल होती. रुंद सीट, मोठ्या पोटाची टाकी, दोन्ही बाजूंना पेट्या. जुनी होती, पण थोरल्याचं ऐकायची. धाकटा लहानपणापासून त्याच्यामागं बसून वाढला. शाळेत तो चार दिवस गेला असेल. बाकी जे काही शिकला ते थोरल्याच्या पाठीला नाक लावून.

आता पुढचं सांगतो.

एका वर्षी थोरल्याची छाती भरली. ताप उतरेना. धाकट्यानं त्याला मागच्या सीटवर बसवलं, आजाऱ्याला बांधतात तसा धोतराच्या पट्टीनं आपल्या कमरेला बांधला आणि गाडी घाटात घातली.

"हळू घे रे," थोरला मागून म्हणाला. "मागं माणूस बसलाय, बटाट्याचं पोतं नाही."

"पोतं बरं, दादा. पोतं बोलत नाही."

थोरला हसला, खोकला, पुन्हा हसला. त्याचा हात धाकट्याच्या खांद्यावर होता. घाटाच्या मध्यावर तो हात जड झाला. धाकटा बोलतच राहिला. पीक, पाऊस, शेजारणीची मांजर, जे तोंडाला येईल ते तो बोलला. मागून हुंकार येत नव्हता, तरी त्यानं तोंड थांबवलं नाही.

वैद्याच्या दारात लोक धावत आले. त्यांनी पट्टीची गाठ सोडली आणि थोरल्याला उचलून नेलं. धाकटा हँडल धरून तसाच बसला होता. इंजिन चालू होतं. लोकांनी त्याची बोटं एकेक करून सोडवली. त्या सगळ्या गडबडीत तो एक शब्द म्हणाला नाही. "उतर" म्हणायचं राहून गेलं.

थोरल्याला तिथेच अग्नी दिला. धाकटा एकटा परत निघाला. घाटाच्या तोंडाशी त्यानं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, आणि मागच्या स्प्रिंगा करकरल्या. कुणीतरी नीट सावरून बसावं तशी गाडी मागून दबली.

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग खांद्यावर ओळखीचा भार आला. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण त्याला आनंद झाला. इतका आनंद झाला की तो रडत रडत गाडी हाकू लागला.

घरी पोचल्यावर त्यानं पाहिलं. धुक्यानं सगळी गाडी निथळत होती. टाकी, हँडल, पेट्या, सगळं ओलं होतं. मागच्या सीटवर मात्र माणूस बसतो तेवढी जागा कोरडी होती.

त्या दिवसापासून त्यानं त्या सीटवर कुणाला बसू दिलं नाही. कुणी आजारी पडलं तर म्हणे, "जागा नाही." लोक रिकाम्या सीटकडे पाहत आणि परत जात. एक म्हातारा खोकत खोकत पायी घाट चढायला गेला, तो परत आला नाही.

थोरल्याची बायको पोटुशी होती. नवरा गेल्यावर ती फार रडली नाही. ती अंगणात आली, मागच्या सीटवर तळवा टेकला आणि हळूच म्हणाली, "अहो." मग हात काढून घेतला. तळवा गारठून निळा पडला होता.

"माझ्याशी नाही बोलले," ती म्हणाली. "तुमच्याशी बोलतात का, भावजी?"

"बोलत नाही. पण आहे."

"आहेत खरे. तुम्ही त्यांना उतर म्हणाला नाहीत."

"म्हणणारही नाही."

"भावजी, पहिल्या दोन लेकरांच्या वेळी मी मरता मरता वाचले. लेकरं वाचली नाहीत. सुईण सांगून गेलीय, या खेपेला वैद्याच्या दारात जायला हवं. ही गाडी आता एकाला घेऊनसुद्धा धापा टाकते. घाटापलीकडे, पायथ्याशी राहणाऱ्या म्हातारीकडे जा. जुनी देऊन नवी घेऊन या."

"दादाची गाडी देऊ?"

"दादाचं लेकरू द्यायचंय का मग?"

धाकट्याला राग आला. राग आला की तो उभ्याउभ्या निघून जाई. तसाच गाडी घेऊन निघाला, आणि निघालोच आहोत तर म्हातारीकडेच जाऊ म्हणून घाटाखाली गेला.

ती म्हातारी जुन्या मोटारसायकली घेई आणि त्यांच्या बदल्यात नव्या देई. तिच्या वाड्यात गाड्या रांगेनं उभ्या असत, गोठ्यात जनावरं उभी असावीत तशा. धाकट्यासाठी तिनं नवी गाडी पुढे आणली. ती काळी होती, उंच होती, तिचं इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. धाकट्यानं न राहवून तिच्या टाकीवरून हात फिरवला. मग चोरी पकडल्यासारखा मागे घेतला.

म्हातारी जुन्या गाडीभोवती फिरली. चाक दाबलं, साखळी ओढून पाहिली. मागच्या सीटपाशी आली आणि थबकली. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"बाळ, ही मी घेऊ शकत नाही."

"का? चालती गाडी आहे."

"चालती आहेच. पण मी गाडी घेते, बसलेला माणूस घेत नाही. मी ही तोडायला काढली तर तो कुठे बसेल? आधी उतरव त्याला."

"नाही उतरवणार. मलाच नको तुझी नवी."

"नको तर नको. माझं काय जातंय?" म्हातारी म्हणाली. "पण एक ऐकून जा. हिच्यावर दोघांची जागा आहे, आणि दोघं बसलेले आहेत."

धाकटा हायसं वाटून घरी आला. वहिनीला म्हणाला, "म्हातारी नाही म्हणाली." ते खरंच होतं. पण अर्धंच खरं होतं, आणि वहिनीला ते त्याच्या तोंडावर दिसलं. त्या दिवसापासून गाडी थोडी थोडी जास्तच दबू लागली.

मग एका सकाळी वहिनीला कळा सुरू झाल्या. वेळेच्या आधीच. सुईण आली, तिनं पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "आडवं आहे. घाट ओलांडा, आत्ताच्या आत्ता."

गावात दुसरी गाडी नव्हती. धाकट्यानं किक मारली. वहिनी मागच्या सीटवर बसली आणि तिच्या तोंडून श्वास निघाला, थंड पाण्यात पाय टाकल्यावर निघतो तसा.

"काय झालं?"

"काही नाही. चला."

गाडी घाटाला लागली. पहिला चढ तिनं कसाबसा घेतला. दुसऱ्या चढावर इंजिन ओरडू लागलं. धाकट्यानं सगळा जोर लावला, पण मागचं चाक चिखलात गरगर फिरू लागलं. स्प्रिंगा पार टेकल्या होत्या. आणि मग गाडी मागे घसरली. वीतभर घसरली, थांबली, पुन्हा वीतभर घसरली. मागे दरी होती. धुक्यात ती दिसत नव्हती, पण चाकाखालून सुटलेले दगड खाली आपटल्याचा आवाज येत नव्हता, यावरून समजत होती.

"भावजी," वहिनी म्हणाली. तिचे दात वाजत होते. "मी त्यांच्या मांडीवर बसलेय." ती जरा हसली. मग कळ आली आणि हसू तुटलं.

धाकट्यानं पाय रोवले. घाटात मागे वळून पाहायचं नसतं, म्हणून तो समोरच्या धुक्यालाच म्हणाला, "दादा, जरा सरक ना! एवढंच सरक! वहिनी आहे रे!"

खांद्यावरचा भार तसाच राहिला. "उतर" ऐकल्यावाचून जो इतके दिवस उतरला नव्हता, तो आता कसा उतरेल?

"तुम्हीच म्हणायला हवं," वहिनी म्हणाली. "माझं ऐकणार नाहीत ते. मी बसवलं नव्हतं."

"इथं? अर्ध्या वाटेत? इथं कुणी नाही, वहिनी! एकटा काय करेल तो इथं?"

"मग मला सोडा वाटेत. एकालाच नेता येईल. सांगा, कुणाला नेताय?"

धाकटा मोठ्यानं ओरडला. कुणावर ओरडला ते त्यालाही समजलं नाही. मग त्यानं हँडल फिरवलं आणि सगळा जोर लावून गाडी दरीकडून डोंगराच्या अंगाला आणली. इंच इंच करत आणली. डोंगराच्या कडेला पाऊल मावेल एवढी घट्ट जमीन होती. तिथे त्यानं ब्रेक दाबला, दोन्ही पाय टेकले आणि एका हातानं चाचपून पाहिलं, जमीन पक्की आहे ना, पाय घसरणार नाही ना.

"दादा," तो म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता. "डाव्या बाजूनं. इकडे डोंगर आहे. सांभाळून." मग त्यानं श्वास घेतला. "आलं. उतर."

मग खांद्यावरचा हात एकदा दाबला गेला आणि उचलला गेला. बाजूला खडी वाजली, पाऊल पडल्यासारखी. स्प्रिंगा हळूहळू वर आल्या. वहिनीनं डोळे मिटले.

"गेले," ती म्हणाली. "चला भावजी, चला."

धाकट्यानं गिअर टाकला. जुनी गाडी घाट चढली. त्यानं मागे पाहिलं नाही.

वैद्याच्या दारात मुलगी झाली. आधी निळी होती, मग लाल झाली, मग इतकी रडली की वैद्य हसायला लागला. म्हणाला, "हिला घाट ओलांडायला गाडी लागणार नाही. ही ओरडूनच पलीकडे जाईल."

वहिनी आणि मुलगी प्रवासाजोग्या झाल्यावर धाकटा त्यांना घेऊन म्हातारीकडे गेला. म्हातारीनं मागची सीट तळहातानं दाबली आणि मान हलवली. "रिकामी आहे," ती म्हणाली. तो शब्द ऐकून धाकट्याचं तोंड वेडंवाकडं झालं. म्हातारीनं ते पाहिलं आणि गाडी आत न्यायची घाई केली नाही. धाकट्यानं टाकीवर कपाळ टेकवलं, मग किल्ली तिच्या हातात ठेवली.

नवी गाडी तिघांना घेऊन घाट चढली. तिचा आवाज वेगळा होता, चाल वेगळी होती. धाकट्याला ती आवडली, आणि आवडली म्हणून तो सगळ्या वाटेवर रडला. पुढच्या पावसाळ्यात गावातलं एकही माणूस वैद्यावाचून मेलं नाही.

आणि थंडीत तो कुदळ घेऊन पायी घाटात गेला. जिथे थोरला उतरला होता तिथे त्यानं डोंगर खोदून जागा रुंद केली. दगड आणून बसवले, वर सपाट फरशी घातली. माणसाला उभं राहता येईल, दमल्यास टेकता येईल, पाय घसरणार नाही, असा एक ओटा त्यानं बांधला. दरीच्या बाजूला कठडा केला. आपल्यासारखं आणखी कुणाला आपलं माणूस वाटेत उतरवावं लागलं, तर त्या उतरणाऱ्यांना पाय ठेवायला पक्की जागा हवी म्हणून. थोरल्यासाठी त्यानं केलेलं ते शेवटचं काम.

तात्पर्य : गेलेल्या माणसाला आपण निरोप दिला नाही, तर त्याचा भार आपल्याबरोबरच्या जिवंत माणसांना वाहावा लागतो.