विष्णुक्रांतेची लाखोली

एकदा एक वृद्ध साध्वी उघड्या माळावरच्या मठात राहत होती. भागीरथी नावाची तिची शिष्या आपल्या आजारी आईला घेऊन तिथेच आश्रयाला आली होती. आईला घोसाळ्याची पातळ भाजी तेवढी पचे, म्हणून कुंपणावर घोसाळ्याचा वेल चढवलेला होता.

मठाचे अंगण म्हणजे नुसता मुरूम. तिथे दुसरे काही तगत नसे. विष्णुक्रांता मात्र कुणी न लावता, न शिंपता भुईभर पसरली होती. तुडवा, उन्हात भाजू द्या, सकाळी तिची इवलाली निळी फुले हजर. आई बरी व्हावी म्हणून याच फुलांची लाखोली वाहीन, लक्ष फुले देवाला घालीन, असा भागीरथीने नवस बोलला. उजाडताच ती वाकून बसे आणि एक फूल मागे ठेवत नसे. बोटे सुजली, कंबर धरली. आतून आईने हाक मारली तर 'आले' म्हणायची आणि जायची नाही.

मग घोसाळी धरेनाशी झाली. बोटभर फळ दिसायचे, पिवळे पडायचे, गळून जायचे. भागीरथीने शेण घातले, राख घातली, वेलाची दृष्टसुद्धा काढली. आईच्या ताटात नुसती पेज उरली.

एका सकाळी ती परडी घेऊन निघाली, तर साध्वीने देव्हाऱ्यातला पितळी बाळकृष्ण उचलला आणि सरळ अंगणात, फुलांमध्ये नेऊन ठेवला.

"गुरुमाय, देव भुईवर?"

"रांगता आहे तो. देव्हाऱ्यात किती रांगेल?" साध्वी पायरीवर टेकली. बोलायचाही तिला शीण आला होता. "तू फुले त्याच्याकडे नेत होतीस, मी त्याला फुलांकडे आणला. आता खुडायचे कारण उरले नाही. मधमाशी या फुलांसाठी येते, जाता जाता वेलावर बसते, तेव्हा कुठे घोसाळे धरते. तू तिची पंगतच उठवलीस, भागे. आईसाठी नवस केलास आणि आईच्याच ताटातले काढून घेतलेस. वर तिला हाका मारत ठेवलेस."

"पण बोललेली लाखोली अपुरी राहील."

"देठावरची फुलेही त्याचीच. मोजायची तर माशी मोजील."

परडी उपडी घालून भागीरथी आत गेली आणि आईचे डोके मांडीवर घेऊन बसली. दार उघडे होते. त्या दिवशी अंगणात एकही मधमाशी आली नाही. पुढे केव्हातरी बाळकृष्णाच्या पाठीवरून एक माशी गेली, मग आणखी आल्या. घोसाळे धरले. आईचे दुखणे गेले नाही, खोटे कशाला सांगू? पण भाजी तिने मागून घेतली, आणि मागायला हाक मारावी लागली नाही. लेक शेजारीच होती.

देवाला द्यायला निघालात की आधी बघा, ते कुणाच्या तोंडचे आहे.