सखूआक्काचा दगड

नळवंडी फाट्यावर सखूआक्काचा दगड होता. वर्षानुवर्षं गोड कणसं निवडून तिनं हुरड्याच्या जोंधळ्याचं नवं बियाणं तयार केलं, एवढंच त्यावर कोरलेलं. सभापती दादासाहेबांना मात्र नेमकी तिथेच आपल्या नावाची कमान हवी होती. सरपंच अनसूयाबाईंनी वाद घातला नाही. त्यांना शेतावर हुरड्याला बोलावलं.

"तो दगड काढा," हुरड्याचा बकाणा भरत दादासाहेब म्हणाले. "त्या बाईचं गावात आता उरलंय काय?"

"काढू की," म्हणत अनसूयाबाईंनी त्यांच्यापुढचं ताट शांतपणे उचललं.

"अहो, हे काय?"

"तिचं उरलेलं काढतेय, दादासाहेब. ताटातलं मी काढलं, तोंडातलं तेवढं तुम्ही काढा."

दादासाहेबांनी घास गिळला आणि कमानीचा विषयही.