परत मागितलेली कादंबरी

एकदा एका शिष्याने स्वतःची कादंबरी स्वतःच छापली. प्रकाशकांच्या पायऱ्या झिजवण्याचा काळ सरला, हे त्याने ओळखले होते. मुखपृष्ठ त्यानेच काढले. मलपृष्ठावर आपली स्तुतीही, संकोच न करता, त्यानेच लिहिली. मग गावातल्या घराघरांत 'सप्रेम भेट' म्हणून प्रती वाटल्या. सर्वजण "छान आहे हो" म्हणाले. त्यापुढे कुणी एक अक्षर बोलले नाही.

वर्ष लोटले. निराश शिष्य दुसऱ्या, अर्धवट कादंबरीचे कागद बंबात घालायला निघाला. त्याचे गुरुजी तिथेच आंघोळीच्या पाण्याची वाट पाहत बसले होते. हे गुरुजी इतके वृद्ध, की गावची नदी पूर्वी दुसऱ्या बाजूने वाहत असे हे त्यांना आठवे. मी विचारले तेव्हा ती बाजूही त्यांनी दाखवली. तिकडे डोंगर आहे.

"थांब जरा," गुरुजी म्हणाले. "वाटलेल्या प्रती परत आणू. मग सगळं एकदमच जाळ."

"दिलेली भेट परत मागायची? लोक काय म्हणतील?"

"तू नुसता उभा राहा. मागायचं मी बघतो."

पहिले घर मामांचे. त्यांनी प्रत तत्परतेने आणून दिली. वेष्टनाची दोरी अजून सुटली नव्हती. "काय लिहिलंयस रे, डोळ्यांत पाणी आलं," मामा म्हणाले. प्रकाशन समारंभाच्या अध्यक्षांकडे पुस्तक कपाटाच्या पायाखालून निघाले. कपाट डुगडुगू लागले, तरी अध्यक्ष प्रसन्नच होते. दारोदार हेच घडले. पिशवी जड होत गेली आणि शिष्याची मान खाली.

शेवटी दोघे खाणावळीत आले. मालकीण मावशी पोळ्या लाटत होत्या.

"पुस्तक? मिळायचं नाही," त्या म्हणाल्या.

"चुकून दिलं होतं हो," गुरुजी म्हणाले.

"मग चूक तुमची. मी दुसऱ्यांदा वाचतेय."

पंगतीतले एक गिऱ्हाईक कळवळून म्हणाले, "आजोबा, न्याच ते. परवापासून करपलेलं वरण खातोय आम्ही."

"जेवा गुमान." मावशी शिष्याकडे वळल्या. "तूच ना तो लिहिणारा? मग सांग, तो नावाडी पैलतीरी पोचल्यावर बायकोला हाक का मारत नाही? उभी असते ना ती तिथं?"

"त्याला वाटतं, तिने आपल्याला विसरावं."

"त्याला वाटून काय होतंय? तिला विचारलंस? पुढच्या पुस्तकात तिला बोलू दे. नाहीतर इथं जेवायला यायचं नाही."

चुलीवर वरण पुन्हा लागू लागले.

गुरुजी त्याच्या कानाशी वाकले. "छापणं आता कुणालाही जमतं, बाळा, आणि फुकट दिलेलं कुणीही घेतं. पण मागूनही परत देत नाही, उलट लेखकाशीच भांडतं, असं माणूस कुठल्याही छापखान्यात तयार होत नाही. ते तुला मिळालंय. नावाड्याच्या बायकोची वाट बघणारं कुणीतरी या गावात आहे. तेव्हा ते कागद जाळायचेच असतील, तर मावशींना विचारून जाळ."

शिष्य पाटावर बसला. पानात वरण पडले. चांगलेच करपले होते. त्याने ते एखाद्या राजाच्या ऐटीत भुरकले आणि आणखी मागितले.