पाहुणे भुंगे आणि अस्वलीण

एका उंच, धुकट डोंगरावरच्या जंगलात एक अस्वलीण आपल्या दोन पिलांसह राहत असे. तिच्या गुहेसमोर उतारभर रानफळांच्या जाळ्या होत्या आणि त्या जाळ्यांच्या मुळाशी, उंदरांनी सोडून दिलेल्या एका बिळात, गुबगुबीत, केसाळ भुंग्यांचं घर होतं. मुलांनो, हे भुंगे भारी कष्टाळू. गारठ्यात मधमाश्यासुद्धा बाहेर पडायला कां-कूं करत, तेव्हा हे गुणगुणत कामाला लागलेले असत. फुलाला मिठी मारून अंग असं काही थरथरवत, की आतले पराग भुरभुर खाली सांडत. म्हणून तर जाळ्यांना फळं धरत. अस्वलिणीला याची जाण होती. बीळ उकरायला मुंगूस आलं, की ती त्याला हाकलून लावी. भुंग्यांची राणी तिला ‘अक्का’ म्हणे.

एका वर्षी ऐन बहरात गारा पडल्या. फुलं झडली, फळं जेमतेम धरली, आणि पिलं कितीदा तरी अर्धपोटी झोपली. ते अस्वलिणीच्या मनाला फार लागलं. पुढच्या बहराला ती पलीकडच्या उबदार दरीत उतरली आणि तांबूस भुंग्यांनी भरलेला एक पोकळ ओंडका उचलून घेऊन आली.

“राणीबाई, तुमच्या मदतीला पाहुणे आणलेत,” ती म्हणाली.

“येऊ देत की अक्का,” राणी म्हणाली. “फुलं काय, सगळ्यांना पुरतील.”

आणि खरोखरच उतारावर नुसता गुंजारव माजला. जाळ्या कळ्या-फळांनी अशा लगडल्या, की फांद्या जमिनीला टेकल्या. पिलं पोट फुटेस्तोवर खाऊन उताणी पडत. अस्वलीण त्यांच्याकडे पाहत मनाशी म्हणे, ‘आता उपासाची भीती नाही.’

त्याच जाळ्यांखाली एक म्हातारं कासव राहत असे. जमिनीलगत चालणाऱ्याला जमिनीवरचं आधी दिसतं. त्याला पाचोळ्यात भुंगे सापडू लागले. जिवंत होते, पण उडत नव्हते. पंख फडफडवत, पोट ओढत, गोल गोल फिरत आणि मग निपचित पडत. कासवाने बारकाईने पाहिलं. हे सगळे इथलेच भुंगे होते. मग ते रखडत रखडत डोंगराच्या वरच्या टप्प्यावर गेलं. तिथल्या गारठ्यात तांबूस पाहुणे पोहोचत नव्हते, आणि तिथले भुंगे ठणठणीत होते. पुन्हा खाली येऊन ते एकेका फुलाखाली बसून राहिलं. कोण कुठल्या फुलावर बसतं, त्याच्यामागून कोण येतं, हे पाहत राहिलं. मगच ते अस्वलिणीकडे गेलं.

“बाई, तुझ्या पाहुण्यांनी काहीतरी दुखणं आणलंय, असं मला वाटतं. त्यांना ते बाधत नाही. पण ते ज्या फुलावर बसतात, त्याच फुलावर आपलेही बसतात, आणि मग आपले आजारी पडतात. तो ओंडका परत नेऊन ठेव.”

अस्वलिणीने लगडलेल्या फांद्यांकडे पाहिलं. “कासवबुवा, तुमची खात्री आहे?”

कासव खोटं बोलणारं नव्हतं. “पुरती नाही,” ते म्हणालं. “आणखी पाहावं लागेल.”

“मग पाहा की!” अस्वलीण म्हणाली. तिचा जीव हलका झाला. “तुमची खात्री होऊ द्या. तोवर ही फळंही उतरतील. भरल्या ताटावरून पिलांना कशी उठवू?”

कासव मान आत ओढून निघून गेलं.

काही दिवसांनी भुंग्यांची राणी बिळाच्या तोंडाशी आली. तिच्या अंगावरची लव झडली होती. “अक्का,” ती म्हणाली, “माझ्या लेकी सकाळी बाहेर जातात, त्या संध्याकाळी परत येत नाहीत. घरातल्या बाळांना भरवायला कुणी उरलं नाही गं.”

ते ऐकून ओंडक्याकडे जायला अस्वलिणीने पाऊल उचललंसुद्धा. तेवढ्यात पिलांनी हाक मारली, वरची फांदी वाकवून हवी होती. ती वळली. ‘उद्या नेते,’ ती मनाशी म्हणाली. पण दुसऱ्या दिवशीही फांद्यांवर फळं होती, आणि तिसऱ्या दिवशीही.

शेवटचं फळ खाऊन झालं, तेव्हा कुठे तिने ओंडका दरीत नेऊन ठेवला. परत येताच तिने बिळाला कान लावला. आत काहीच वाजत नव्हतं.

हिवाळा सरला. जाळ्यांवर पांढऱ्याशुभ्र फुलांचा असा बहर आला, की तसा पूर्वी कधी आला नव्हता. उतार मात्र मुका होता. वरच्या टप्प्यावरचे मूठभर भुंगे तिथल्याच फुलांत गुंतलेले होते. ते इतक्या खाली उतरेनात. फुलं वाट पाहून पाहून गळू लागली. अस्वलिणीने एक फूल पंज्यात धरून हळूच हलवून पाहिलं. ते देठासकट तुटून तिच्या पंज्यात आलं. दुसरंही तसंच तुटलं. मग तिने हात आवरला आणि ती तिथेच बसली.

कासव शेजारी येऊन थांबलं. ती म्हणाली, “आता झाली का खात्री, कासवबुवा?”

“झाली,” कासव म्हणालं. “पण ती आता कुणाला सांगू? तू ऐकलं नाहीस, हे खरं. पण मीही एकदाच सांगून गप्प बसलो. राणीने तुला गाऱ्हाणं सांगितलं, तेव्हा मी पुन्हा यायला हवं होतं.”

फळं नसलेल्या त्या उतारावर राहणं शक्य नव्हतं, आणि तो ओंडका पुन्हा आणायला अस्वलिणीचं मन धजेना. बहर पुरता झडण्याआधीच ती दोन्ही पिलांना घेऊन डोंगर उतरून गेली. जाताना धाकटं पिलू विचारत होतं, “आई, इथलं ते गाणं कुठे गेलं?”

तात्पर्य : धोक्याची नुसती शंका आली, तरी वेळीच हात आवरावा. खात्री होईपर्यंत थांबणाऱ्याच्या हाती शेवटी नुसती खात्रीच उरते.