झऱ्याभोवतीची करवंदी

नमू, आधी पाय पांघरुणात घे. आणि दोघांनी हुंकार द्यायचा हं, नाहीतर मी आपली गप्प झोपेन.

एका डोंगराच्या पायथ्याशी होता एक राजा. राज्य एवढंसं. पण त्याच्या बागेत गोड पाण्याचा एक झरा होता, बरं का. सगळा गाव तेच पाणी प्यायचा. मग झालं काय, शेजारच्या दांडगेश्वर राजाने निरोप धाडला, "पुढच्या वैशाखात येतो आणि तुमचा झरा घेतो." राजाचं तोंडच उतरलं. बागेला भिंत नाही, पदरी फौज नाही. झरा गेला तर गावाने प्यायचं काय?

राजाची लेक होती येसू. भारी हट्टी, आपल्या नमूसारखी. ती तडक डोंगरावर गेली. वेळूला म्हणाली, "झऱ्याभोवती उभा राहशील का?" वेळू म्हणाला, "मला वाऱ्यावर डोलायचंय." मग सागाला विचारलं. साग म्हणाला, "मी एवढा मोठा, मी कुंपण होऊ?" मग ती करवंदीच्या जाळीकडे गेली. जाळी म्हणाली, "येते की. पण माझ्या काट्यांना कुणी हात लावायचा नाही." येसूने शब्द दिला. जाळीने तिला ओंजळभर पिकली करवंदं दिली.

येसूने त्यांच्या बिया झऱ्याभोवती पेरल्या. एरवी करवंदीला वाढायला वर्षं लागतात, पण ही बोलणारी होती ना! दिवाळीला कमरेएवढी झाली, शिमग्याला पांढऱ्या फुलांनी भरली.

मग माळी कोयता घेऊन आला. येसू आडवी आली. मग राणीचा शालू काट्यात फाटला, नवा कोरा शालू. राणी म्हणाली, "काटे तेवढे छाटा." येसू हलली नाही. मग खुद्द राजा आला.

"येसू, राजा मी आहे की तू?"

"तुम्हीच आहात, आबा. पण शब्द मी दिलाय."

राजा आल्या पावली परत गेला.

मग आला वैशाख, आणि आला दांडगेश्वर. उन्हातून चालून फौजेच्या घशाला कोरड पडलेली. समोर करवंदी काळीभोर पिकलेली. शिपायांनी भाले टाकले आणि बसले की खायला! ओठ चिकाने चिकचिकीत. मग एकेक करवंद फोडून 'कोंबडा की कोंबडी' खेळायला लागले. आत लाल तर कोंबडा, पांढरं तर कोंबडी, ठाऊक आहे ना? लढाई राहिली बाजूला.

दांडगेश्वर चिडला आणि स्वतःच जाळीत घुसला. पागोटं अडकलं, शेला अडकला, धोतराचा सोगा अडकला. पुढे जाता येईना, मागे येता येईना. ओढावं तर धोतर सुटतंय. हसा, हसा मेल्यांनो.

येसू तांब्या घेऊन आली. "काय हवंय, महाराज?"

"पाणी," तो पुटपुटला.

"मग मागायचं होतं. इथे पाण्याला कुणाला नाही म्हणत नाहीत."

तिने त्याला पोटभर पाजलं, त्याच्या अख्ख्या फौजेला पाजलं. झरा काही आटला नाही. दांडगेश्वर पार ओशाळला. पुन्हा या झऱ्यावर डोळा ठेवणार नाही, अशी त्याने सगळ्यांदेखत शपथ घेतली, तेव्हा कुठे जाळीने त्याला सोडलं. गेला बिचारा धोतर सावरत घरी.

मग गावाने ढोल वाजवत येसूची मिरवणूक काढली. राजाने लेकीला खांद्यावर घेतलं, आणि माळी सगळ्यांच्या पुढे नाचत होता.

तेव्हापासून लुटायला कुणी आलं नाही. तहानलेला आला, तो पिऊन गेला. सगळे सुखाने नांदले. झाली गोष्ट. आता कूस बदला आणि डोळे मिटा बघू.