कणकेचा हत्ती

“आजपासून राजवाड्यात खेळ बंद! जो कोणी खेळताना सापडेल, तो सूर्य मावळायच्या आत महाद्वाराबाहेर!”

राजा रणधवल गरजला आणि कंबर चोळत बिछान्यावर आडवा झाला. गरजायला कारणही तसंच होतं. शेजारच्या राज्याचा वकील भेटीला आला होता. राजा ऐटीत सिंहासनाकडे निघाला, पायाखाली सागरगोटा आला आणि महाराज दाणकन जमिनीवर! मुकुट घरंगळत थेट वकिलाच्या पायाशी. वकिलानं उपरण्यात तोंड लपवलं, पण खांदे हलायचे ते हललेच.

सागरगोटा होता पाच वर्षांच्या राजकन्येचा, कमलचा. तिला सांभाळायला होती येसू. कुंभाराची पोरकी लेक, लहानपणीच वाड्यात आलेली. वाड्याबाहेर तिचं कुणीच नव्हतं.

राजानं येसूला बोलावलं.

“पोरगी दिवसभर हुंदडते. पाटी दिसली की भोकाड पसरते! शास्त्रीबुवा थकले. आता तू बघ. येत्या पौर्णिमेपर्यंत कमलला स्वतःचं नाव लिहिता आलं पाहिजे. रडणं ऐकू येता कामा नये आणि खेळ तर मुळीच नाही! जमलं नाही, तर तुझं गाठोडं बांध.”

येसूनं क्षणभर विचार केला. “महाराज, खेळ बंद. पण काम चालेल ना?”

“काम? कामाला कोण नाही म्हणतंय!”

“मग झालं!” म्हणत येसू कमलला कडेवर घेऊन तडक मुदपाकखान्यात गेली.

तिथं तिनं परातीत कणीक मळली आणि एक गोळा कमलच्या हातात दिला. “कमलताई, जरा मदत करता का? हा साप लांब करायचाय.”

कमलनं साप लांब केला. येसूनं तो वळवला, मधे एक काठी उभी केली. “हा बघा क! कमळाचा क, कणकेचा क!”

“आणि कावळ्याचा?”

“त्याचाही!”

मग रोज उद्योग सुरू झाला. अक्षरं वळायची, तुपात तळायची, गूळ लावून खायची. कधी भेंडी कापून हळदीच्या पाण्यात बुडवायची आणि जुन्या धोतरावर फुलं उमटवायची. कधी तूर आणि मूग वेगळे करता करता दाणे मोजायचे. शास्त्रीबुवा डोकावायला म्हणून आले आणि ‘क’, ‘म’ खाऊन गेले.

“बुवा, माझं नाव अर्धं खाल्लंत!” कमल ओरडली.

“मग पुन्हा घडवा, राजकन्ये! आणि या खेपेला जरा खुसखुशीत!” बुवा मिशा पुसत म्हणाले.

कमलनं पुन्हा घडवलं. असं पुन्हापुन्हा घडवता घडवता बोटांना वळण आलं.

पौर्णिमेच्या सकाळी मुदपाकखान्यातून खिदळण्याचा आवाज आला. राजा तरातरा आत शिरला. स्वयंपाकी भिंतीला चिकटले.

“आबासाहेब, थांबा! पाय देऊ नका!” कमल ओरडली. तिनं फरशीवर पीठ पसरलं होतं आणि त्यात बोटानं ठसठशीत लिहिलं होतं: कमल.

राजाच्या चेहऱ्यावर आनंद उमटला, पण लगेच त्यानं भुवया आवळल्या. “नाव आलं हे खरं. पण हा खेळ आहे! हुकूम तो हुकूम. येसू, गाठोडं बांध!”

कमलनं येसूच्या लुगड्याला मिठी मारली. येसू हात जोडून म्हणाली, “महाराज, हे काम आहे.”

“काम करताना कुणी असं हसतं?”

“बाहेरून कसं कळणार? जरा करून बघा, मग जो निवाडा द्याल तो मान्य.”

“बघतोच! डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगतो!”

राजा पाटावर बसला. कणीक घेतली. स्वतःच्या नावातला ‘र’ झाला, ‘ण’ मात्र कोसळला.

“आबासाहेब, काठी जाड करा!” कमलनं सांगितलं.

‘ण’ उभा राहिला. राजानं शेला बाजूला टाकला, बाह्या सरसावल्या. नाव पुरं झालं, तरी हात थांबेनात. मग घोडा झाला. तो जरा गाढवासारखा दिसला म्हणून त्याचा हत्ती करायला घेतला.

दिवाणजी धापा टाकत आले. “महाराज! दरबार कधीचा खोळंबलाय! शेजारचे वकीलसाहेब पुन्हा आलेत!”

“थांबा हो दिवाणजी!” राजा मान वर न करता ओरडला. “सोंड पडतेय! कमल, तो गोळा दे इकडं!”

येसू पुढं आली. “महाराज, आता निवाडा द्या. हे काम असेल, तर मी हुकूम पाळला. आणि हा खेळ असेल, तर हुकमाप्रमाणे खेळणाऱ्याला सूर्य मावळायच्या आत महाद्वाराबाहेर घालवायला हवं. मग सांगा, गाठोडं कुणाचं बांधू? माझं, का महाराजांचं?”

राजानं हातातल्या हत्तीकडं बघितलं, पिठानं माखलेल्या पोटाकडं बघितलं आणि असा खदाखदा हसला की फळीवरची भांडी वाजली.

“काम, काम! घाम फुटेपर्यंतचं काम! दिवाणजी, दवंडी पिटवा. दक्षिणेकडचा मोठा महाल आजपासून नगरातल्या सगळ्या लेकरांना असल्याच कामासाठी मोकळा, आणि तिथली मुख्य येसूबाई! तिला राहायला महालालगतचं घर, कायमचं!” असं म्हणत राजानं गळ्यातला मोत्यांचा कंठा काढला आणि पिठाच्या हातांनीच येसूच्या हाती ठेवला. “आणि हो, वकीलसाहेबांना इकडंच पाठवा. त्यांच्यासाठी पाट मांडा!”