परतीचा खडा

फार जुन्या काळी डोंगराच्या कुशीत एक लहानसं गाव होतं आणि त्या गावाला लागून, गावाहूनही जुनं असं एक रान होतं. रान इतकं दाट, की भर दुपारी आत दिवेलागणीएवढाच उजेड असायचा. ऐन, जांभूळ, हिरडा अशी झाडं एकमेकांना खेटून उभी होती आणि त्यांच्यावर चढलेल्या वेली माणसाच्या मांडीएवढ्या जाड होत्या. मधोमध एक झरा होता, तो उन्हाळ्यातही आटत नसे. रानाभोवतीच्या उतारांवर गावाची नाचणीची शेतं होती.

हे रान बघायला लांबून माणसं येत. गाव कोणाला अडवत नसे. फक्त एक रीत पाळावी लागे.

रानाच्या तोंडाशी एक सपाट कातळ होता. आत जाणाऱ्याने शेजारच्या ओढ्यातला एक खडा घ्यायचा, कातळावर ठेवायचा आणि मगच पुढे पाऊल टाकायचं. बाहेर आल्यावर आपला खडा आपल्या हाताने उचलून पुन्हा ओढ्यात सोडायचा. संध्याकाळी गुरं घराकडे वळली, की रानाचा राखणदार कातळापाशी येऊन बघायचा. कातळ रिकामा असला, तर तो निवांत घरी जाऊन जेवायचा. एक जरी खडा उरलेला दिसला, तरी शिंग फुंकलं जायचं आणि हातातलं काम टाकून सगळं गाव रानात शिरायचं. माणूस सापडेपर्यंत शोध थांबायचा नाही.

दुसऱ्याच्या खड्याला मात्र कोणी हात लावायचा नाही. पूर्वी एकदा कोणीतरी गंमत म्हणून भलत्याचाच खडा फेकून दिला होता. त्या संध्याकाळी कातळ रिकामा दिसला, गाव झोपी गेलं आणि एक लाकूडतोड्या रानातल्या खड्ड्यात पडून हाका मारत राहिला. तो सापडला तेव्हा फार उशीर झाला होता. तेव्हापासून गाव ही रीत जिवापाड जपत होतं.

एकदा कार्तिकात एक चितारी त्या गावी आला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते, कारण गोष्ट पुढे गेली की तुम्हाला त्याचा राग येणार आहे. हात गुणी होता, बोलणं गोड होतं. दिवसभराच्या वाटेवर असलेल्या एका मोठ्या नगरात तो राहायचा. तिथल्या शेटजींनी नवी धर्मशाळा बांधली होती आणि तिच्या मोठ्या भिंतीवर त्यांना रान काढून हवं होतं. खरं रान बघितल्याशिवाय ते काढायचं कसं, म्हणून चितारी रंगांची पेटी खांद्याला अडकवून निघाला होता.

कातळापाशी राखणदार बसला होता. म्हातारा झालेला, पण काटक. त्याचं सगळं आयुष्य त्या रानात गेलेलं.

"राम राम, पावणं. कुठलं म्हणायचं तुमी?"

चितारीने आपलं नाव सांगितलं, नगराचं आणि पेठेचंही सांगितलं आणि रान बघायला आलोय म्हणाला.

"बघा की. डोळं भरून बघा. पण आधी खडा ठेवा."

म्हाताऱ्याने रीत समजावून सांगितली. चितारीला मोठी मौज वाटली. त्याने ओढ्यातला एक पांढरा, गुळगुळीत खडा निवडला, पेटी उघडली आणि गेरूने त्या खड्यावर एक इवलासा तांबडा पक्षी काढला. "आता माझा खडा कोणी चुकणार नाही," असं म्हणून त्याने तो कातळावर ठेवला.

म्हातारा पक्ष्याकडे बघतच राहिला. "ग्वाड काढलाय," तो म्हणाला. "फक्त येताना आठवणीनं उचला. तो हितं हाय तवर तुमी आत हाय, एवढंच आमाला कळतंय."

"उचलतो की, बाबा," चितारी हसून म्हणाला आणि आत गेला.

तो दिवस चितारी आयुष्यभर विसरला नाही. त्याने शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर झेप घेताना पाहिलं. झऱ्याचं पाणी ओंजळीने प्याला. भल्यामोठ्या जांभळीच्या बुंध्याला पाठ लावून तो कितीतरी वेळ नुसता बसून राहिला. मग चढत चढत रानाच्या वरच्या टोकाला आला. तिथे एक कडा होता. कड्यावर बसून त्याने खालच्या झाडांचे रंग कागदावर उतरवून घेतले. कुंचला पुसायचं तांबडं फडकं वाऱ्याने उडालं आणि खाली कुठल्याशा खडकावर जाऊन पडलं. एका फडक्यासाठी कोण खाली उतरणार, म्हणून त्याने ते सोडून दिलं.

कड्याच्या पलीकडच्या अंगाला गाडीरस्ता होता. चितारी सहज तिकडे उतरला, तर समोरून एक बैलगाडी येत होती आणि ती नेमकी त्याच्याच नगराला निघाली होती.

"येताय का?" गाडीवानाने विचारलं. "बसा. एकट्याला वाट सरत नाही."

चितारी गाडीत चढू लागला आणि एक पाय चाकावर असतानाच त्याला खडा आठवला. होय, आठवला. विसरला असता तर ही गोष्ट वेगळी झाली असती.

"माझं एक काम राहिलंय मागे," तो म्हणाला. "रानाच्या खालच्या तोंडाशी."

"म्हणजे जाऊन येऊन दोन घटका तरी जाणार. मला थांबता यायचं नाही, बुवा. बैलांना उजेडात घाट उतरवायचाय."

चितारीने वर रानाकडे पाहिलं. पाय दुखत होते. गाडीत गवत मऊ पसरलेलं होतं. एवढासा खडा तो काय! उद्या-परवा कोणीतरी उचलेलच. आणि मी तर धडधाकट आहे, मला काय झालंय? त्याने दुसरा पाय उचलला आणि तो गाडीत बसला.

रात्रभराच्या प्रवासानंतर घरी बायकोने गरम भाकरी वाढली. चितारीने तिला रानाचं भरभरून वर्णन केलं, खड्याची गोष्ट मात्र सांगितली नाही. दुसऱ्या दिवसापासून तो मोठ्या कागदावर रान जमवू लागला. आधी झरा काढला, मग जांभूळ. शेटजी येऊन बघून गेले आणि खूश झाले.

चौथ्या दिवशी दुपारी चितारी जेवायला बसणार, तेवढ्यात दाराची कडी वाजली. त्याने दार उघडलं. बाहेर एक माणूस मान खाली घालून उभा होता. हातापायांवर काट्यांचे ओरखडे, अंगावरचा सदरा फाटलेला, गळ्यात शिंग अडकवलेलं. मान वर न करताच तो बोलू लागला.

"ताई, मी रानाच्या गावचा शिंगवाला. तुमच्या मालकांची खबर घेऊन आलो. चार दिस झालं, सारं गाव शोधतंय. अजून गावलं न्हाईत. तुमाला सांगितल्याबिगर ऱ्हावंना..."

बोलता बोलता त्याने वर पाहिलं. समोर कुंचला कानावर खोचलेला चितारी उभा होता.

शिंगवाला उंबऱ्यावरच मटकन खाली बसला. चितारीला वाटलं, आता हा शिव्या घालणार. पण त्याने दोन्ही हातांनी चितारीचे पाय चाचपले आणि तो रडू लागला.

"जिवंत हाय! अहो, जिवंत हाय तुमी!"

आतून बायको बाहेर आली, तिने सगळं ऐकलं आणि नवऱ्याकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेपुढे चितारीची मान खाली गेली.

"पोरं, म्हातारी, सगळी अजून रानात हायती," शिंगवाला डोळे पुसत म्हणाला. "तुमचा खडा कातळावर हाय तवर ती बाहेर यायची न्हाईत. मी तोंडानं सांगून भागायचं न्हाई. चला, खडा उचला."

पुढ्यातलं ताट तसंच टाकून चितारी त्याच्याबरोबर निघाला.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत दोघं गावाच्या शिवारात पोचले. पहिल्यांदा येताना चितारीने पिकलेली नाचणी वाऱ्यावर डुलताना पाहिली होती. आता अर्धीअधिक शेतं जमीनदोस्त झाली होती. कणसं चिखलात तुडवलेली, मुळं उकरलेली.

"रानडुकरं," शिंगवाला म्हणाला. "राखणीच्या माळ्यावर कोणच नव्हतं ना."

चितारी तुडवलेल्या कणसांतून वाट काढत पुढे गेला.

कातळापाशी येताच तो थबकला. कातळ खड्यांनी भरून गेला होता. साठ-सत्तर तरी असतील. काळे, करडे, लहान, मोठे. त्याला शोधायला आत गेलेल्या प्रत्येकाने रीतीप्रमाणे आपला खडा ठेवला होता. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध तो तांबडा पक्षी होता.

चितारीने आपला खडा उचलला. शिंगवाल्याने शिंग तोंडाला लावलं आणि लांबलचक फुंकलं. डोंगर घुमला.

मग माणसं बाहेर येऊ लागली. एकेक करत, थकलेली, काट्यांनी ओरबाडलेली, डोळे तारवटलेली. कोणाच्या पायाला चिंधी बांधलेली, कोणी काठीवर भार टाकून. चितारीला बघून जो तो थांबायचा, हात जोडायचा आणि आपला खडा उचलून ओढ्यात सोडायचा. "बरं झालं, देवा," असं एक म्हातारी म्हणाली आणि तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. त्यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

रागावलं कोणीच नाही, असं नाही. शेवटी एक बाई आली. शेताच्या कडेचा माळा तिचा होता. तिने खडा उचलला आणि चितारीसमोर येऊन उभी राहिली.

"कुठं हुता?"

"घरी," चितारी म्हणाला. खोटं बोलायचं त्याला धाडस झालं नाही.

"घरी," बाई म्हणाली. "माझ्या लेकरांचं वरीसभराचं खाणं डुकरांनी खाल्लं, बुवा. तुमी घरी, आणि आमी इथं तुमच्या नावानं हाका मारतोय." एवढं बोलून ती उतारावरून शेताकडे निघून गेली.

आता कातळावर एकच खडा उरला होता. साधा, करडा.

"हा कोणाचा?" चितारीने विचारलं.

"राखणदाराचा," शिंगवाला म्हणाला. "दुसऱ्या दिवशी वरच्या कड्याखाली त्याला तांबडं काय तरी दिसलं. त्याला वाटलं, तुमीच पडलाय. आमी नको नको म्हणताना उतरला. पाय सुटला. बाहेर आणला तवा शुद्धीत नव्हता. खडा त्यानंच उचलायचा, म्हणून ठेवलाय."

चितारी पळतच म्हाताऱ्याच्या घरी गेला. म्हातारा बाजेवर पडला होता. कमरेपासून पाय फळ्यांना बांधलेला होता. उशाशी एक तांबडं फडकं घडी घालून ठेवलेलं होतं.

"आलात," म्हातारा म्हणाला आणि त्याचा चेहरा उजळला. "फडकं गावलं, माणूस गावना. लई जीव टांगणीला लागला हुता."

चितारीने बाजेवर डोकं टेकलं आणि तो हमसून रडला. "बाबा, मला आठवलं होतं. गाडीत चढताना आठवलं होतं. तरी मी आलो नाही."

ते ऐकून म्हाताऱ्याला वाईट वाटलं आणि त्याने ते लपवलंही नाही. मग त्याने विचारलं, "झरा बघितला का?"

"बघितला."

"पाणी हाय?"

"भरपूर आहे."

"मला आता कुठला दिसतोय. वैद्य म्हणतो, ह्या पायानं उंबरासुद्धा वलांडायचा न्हाई."

"बाबा, मी तुमच्या या भिंतीवर सगळं रान काढून देतो. झरा, जांभूळ, शेकरू, सगळं. हुबेहूब."

म्हाताऱ्याने भिंतीकडे पाहिलं. "त्यात पानं हालतील का?" त्याने विचारलं.

संध्याकाळी गावाने म्हाताऱ्याला बाजेसकट उचलून कातळापाशी नेलं. त्याने हात लांब करून आपला खडा उचलला. रानाकडे एकदा डोळे भरून बघितलं. पण खडा ओढ्यात न सोडता त्याने तो चितारीच्या हातात ठेवला.

"हा परत ठेवायची पाळी माझ्यावर यायची न्हाई. तुमी ठिवा तुमच्यापाशी," तो म्हणाला.

चितारीने धर्मशाळेची भिंत पुरी केली. मिळालेलं सगळं मानधन धान्याच्या रूपाने त्या गावी पोचवलं. दर कार्तिकात तो नाचणी राखायला जाऊ लागला. माळ्याच्या बाईने पहिल्या वर्षी त्याला बांधावरूनच परत पाठवलं. दुसऱ्या वर्षी हातात गोफण दिली.

भिंतीवरचं रान बघायला दूरदूरची माणसं येत. पाणी खरं वाटतं, पानं हलल्यासारखी वाटतात, असं म्हणत. पण चित्राच्या खालच्या कोपऱ्यात एक सपाट कातळ होता आणि त्यावर एकच साधा, करडा खडा. लोक विचारत, "बाकी सगळं एवढं सुंदर, मग हा दगड कशाला काढलात?"

"तो एका माणसाचा आहे," चितारी सांगायचा. "मला शोधायला तो आत गेला होता."

"मग? सापडलात का तुम्ही त्याला?"

"मी हरवलोच नव्हतो," चितारी म्हणायचा आणि कुंचले धुवायला निघून जायचा.

तात्पर्य: आपण सुखरूप आहोत हे आपल्याला ठाऊक असतं, आपली वाट बघणाऱ्याला नसतं, म्हणून परतल्याची खबर देणं ही आपल्या सोयीची गोष्ट नाही, तो दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न असतो.